अमेरिकेंतील घरांचे भाव आणि निराशावाद्यांचीं भाकितें

अमेरिकेच्या ऐश्वर्याचें वर्णन जितक्या उत्साहानें होत आलें आहे, जवळजवळ तितक्याच उत्साहानें तिच्या येऊं घातलेल्या दिवाळ्याचेंही वर्णन होत आलें आहे. आणि नवल हें कीं, हें दुसरें वर्णन करणारे बहुधा अमेरिकनच असतात. शेअरबाजार कोसळणार, डॉलर घसरणार, सरकारी कर्जाचा डोंगर एके दिवशीं अंगावर येणार, आणि ह्या सर्वांच्या आधीं घरांच्या किंमती गडगडणार, असें सांगणारे अर्थशास्त्रज्ञ, पेढीवाले आणि पत्रपंडित त्या देशांत प्रत्येक पिढींत झाले. त्यांपैकीं कांहीं अगदीं खरे ठरले, पुष्कळसे खोटे ठरले, आणि जे खरे ठरले त्यांतीलही बहुतेक वेळेच्या हिशोबांत चुकले. अशा मंडळींची थट्टा करणें सोपें आहे. परंतु ज्या कुटुंबाला आपली आयुष्याची मिळकत एका घरांत घालावयाची आहे, त्याला त्यांचें म्हणणें थट्टेवारी नेऊन चालत नाहीं. पुण्यामुंबईकडील कित्येक घरांतील मुलगा किंवा मुलगी आज न्यू जर्सींत वा कॅलिफोर्नियांत संसार थाटून असते, आणि 'घर आतांच घ्यावें कीं भाव उतरण्याची वाट पाहावी' हा प्रश्न समुद्र ओलांडून इकडच्या दिवाणखान्यांतही येऊन पोहोंचतो.

निराशावादी मनुष्य प्रथम भावाकडे बोट दाखवितो. दहा वर्षांपूर्वीं अमुक किंमत होती, आज दुप्पट झाली. लोकांचे पगार कांहीं दुप्पट झाले नाहींत. तेव्हां हा फुगा फुटणारच, अशी त्याची विचारसरणी असते. ही विचारसरणी चुकीची नाहीं, अपुरी आहे. घर म्हणजे शेअरचा कागद नव्हे. शेअर उतरूं लागला कीं तो दुपारच्या आंत विकून टाकतां येतो. घरांत मात्र मालक राहत असतो, त्याचीं मुलें जवळच्या शाळेंत जात असतात, आणि भाव पडला म्हणून कोणी आपलें बिऱ्हाड रस्त्यावर मांडीत नाहीं. मंदी आली कीं पुष्कळदां असें होतें कीं, घरें स्वस्त होत नाहींत. तीं विकलींच जात नाहींत. भाव खरोखर कोसळण्यास पुष्कळ माणसांना एकाच वेळीं नाइलाजानें विकावें लागणें अवश्य असतें. हा नाइलाज येतो कर्जांतून. म्हणून भाकिताची कसोटी पाहावयाची ती भावांच्या आलेखावर नव्हे, तर त्या भावांमागें उभ्या असलेल्या गहाणखतांवर: कर्ज कोणीं घेतलें, किती मुदतीनें घेतलें, आणि व्याज पुढें वाढणारें आहे कीं कायमचें बांधलेलें आहे.

ह्या दृष्टीनें पाहतां १९२९ च्या आधींचा काळ मोठा बोधप्रद आहे. १९२५ सालीं फ्लॉरिडांत जमिनींचा सट्टा इतका माजला होता कीं, थोडा विसार भरून मिळालेली पावतीच हातोहात विकली जाई, आणि जमीन पाहण्याचे श्रम कोणी घेत नसे. १९२६ च्या सप्टेंबरांत मायामीवर चक्रीवादळ आदळलें व उरलासुरला उन्माद वाऱ्यावर गेला. पुढें ५ सप्टेंबर १९२९ रोजीं रॉजर बॅबसन ह्या गृहस्थांनीं शेअरबाजार कोसळणार असें जाहीर भाषणांत सांगितलें, आणि ऑक्टोबरांत तो कोसळलाही. त्यांचें नांव द्रष्टा म्हणून आजही घेतलें जातें. पण तेंच भाकीत ते त्यापूर्वीं बराच काळ करीत होते, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाहीं.

खरा अनर्थ शेअरबाजारांत नव्हता, घरांच्या कर्जांत होता. त्या वेळचें गहाणकर्ज सामान्यतः तीन ते पांच वर्षांचें, फार तर दहा वर्षांचें असे. मुदतभर केवळ व्याज भरावयाचें, आणि शेवटीं सर्व मुद्दल एकदम द्यावयाचें किंवा कर्जाचें नूतनीकरण करून घ्यावयाचें, असा प्रघात होता. चांगल्या दिवसांत नूतनीकरण हा केवळ उपचार असे. परंतु बँकाच बुडूं लागल्यावर नूतनीकरण कोण करणार? ज्या माणसानें एकही हप्ता चुकविला नव्हता, त्याच्यापाशींही पुरें मुद्दल मागितलें गेलें. १९३३ च्या सुमारास दिवसाला हजाराच्या घरांत घरें जप्त होत होतीं. त्याच वर्षीं सरकारनें घरमालकांच्या कर्जासाठीं एक महामंडळ काढून सुमारें दहा लाख घरांचीं गहाणें स्वतःकडे घेतलीं व त्यांची मुदत लांबविली. १९३४ सालीं गृहकर्जांना विमा देणारें फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन निघालें आणि १९३८ सालीं बँकांकडून अशीं कर्जें विकत घेणारी फॅनी मे ही संस्था निघाली. दर महिन्याला मुद्दल व व्याज मिळून सारखाच हप्ता, दर कायमचा बांधलेला, आणि मुदत पुढें वाढत वाढत तीस वर्षांची: हें जें अमेरिकन गृहकर्ज आज सर्वांस परिचित आहे, तें त्या आपत्तीचें अपत्य होय.

मंदीनें पोळलेल्या त्या पिढीला पुढें सर्वत्र अंधारच दिसूं लागला, ह्यांत आश्चर्य नाहीं. १९३८ च्या डिसेंबरांत हार्वर्डचे प्राध्यापक ॲल्विन हॅन्सन ह्यांनीं अमेरिकन अर्थशास्त्र परिषदेच्या अध्यक्षपदावरून असें प्रतिपादन केलें कीं, लोकसंख्येची वाढ मंदावली आहे, नव्या भूमीचा विस्तार संपला आहे, सबब देशाच्या नशिबीं आतां दीर्घकालीन साचलेपण आहे. युक्तिवाद बिनतोड होता. परंतु युद्ध संपलें, सैनिक घरीं परतले, १९४४ च्या कायद्यानें त्यांस घरासाठीं सवलतीचें कर्ज मिळालें, आणि १९४६ ते १९६४ ह्या काळांत त्या देशांत सुमारें साडेसात कोटी बालकें जन्मास आलीं. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर १९४७ सालीं लेव्हिटटाउन उभारावयास सुरुवात झाली, आणि बटाट्याच्या शेतांत पहातां पहातां सतरा हजारांहून अधिक घरें उभीं राहिलीं. त्यांच्या करारांतून कृष्णवर्णीयांस मज्जाव होता, हेंही त्याच श्वासांत सांगितलें पाहिजे. त्या समृद्धीचीं दारें सर्वांस उघडीं नव्हतीं.

याच बालकांनीं पुढें आणखी एका भाकिताला जन्म दिला. १९८९ सालीं ग्रेगरी मॅनकिव्ह आणि डेव्हिड वाइल ह्या दोन अर्थशास्त्रज्ञांनीं असें गणित मांडलें कीं, ही मोठी पिढी घरें घेऊन चुकली आहे, मागून येणारी पिढी लहान आहे, तेव्हां जुनाच संबंध पुढें चालू राहिला तर महागाई वजा जातां घरांच्या किंमती २००७ सालापर्यंत ४७ टक्क्यांनीं उतरतील. प्रत्यक्षांत २००६ सालीं भाव इतिहासांत कधीं नव्हते इतके चढले होते. माणसें मोजण्यांत चूक नव्हती. परंतु व्याजाचे दर, जे ऑक्टोबर १९८१ मध्यें तीस वर्षांच्या कर्जावर १८ टक्क्यांच्याही वर गेले होते, ते पुढें वीस वर्षें उतरत राहिले. परदेशांतून नवीं कुटुंबें येत राहिलीं. आणि समुद्रकांठच्या मोठ्या शहरांनीं नव्या बांधकामावर निर्बंध वाढवीत नेले. एका कारणावर भविष्य टांगलें कीं तें असें हवेंत लोंबकळत राहतें.

यानंतर आला तो काळ, ज्यामुळें निराशावाद्यांस प्रतिष्ठा मिळाली. इसवी सन २००० नंतर शेअरबाजाराची तेजी ओसरली, तेव्हां फेडरल रिझर्व्ह ह्या मध्यवर्ती बँकेनें अल्प मुदतीचा व्याजदर उतरवीत उतरवीत जून २००३ मध्यें १ टक्क्यावर आणला. स्वस्त झालेला पैसा घरांकडे वळला. पूर्वीं बँक कर्ज देई आणि तें फिटेपर्यंत आपल्याच वहींत ठेवी. त्यामुळें ऋणको कोण, त्याचा पगार किती, हें पाहणें तिच्या हिताचें असे. आतां कर्ज मिळवून देणारा दलाल एक, तें विकत घेणारी पेढी दुसरी, हजारों कर्जांची मोट बांधून तींवर रोखे काढणारी तिसरी, त्या रोख्यांना उत्तम प्रतीचा शिक्का देणारी संस्था चौथी, आणि तो शिक्का पाहून पैसे मोजणारी बँक कदाचित् जर्मनींतील. ह्या साखळींत प्रत्येकाला दलाली मिळत होती आणि बुडित कोणाच्याच वाट्याचें दिसत नव्हतें. उत्पन्नाचा पुरावा न मागतांही कर्जें दिलीं गेलीं.

ह्या हलक्या प्रतीच्या कर्जांचा एक नमुना मुद्दाम पाहण्यासारखा आहे. पहिलीं दोन वर्षें व्याज कमी, हप्ता हलका. पुढील अठ्ठावीस वर्षें व्याज बाजाराप्रमाणें, म्हणजे बहुधा पुष्कळच जास्त. तो वाढलेला हप्ता आपल्याला झेपणार नाहीं, हें घेणारा जाणत होता व देणाराही जाणत होता. दोघांचा भरंवसा एकाच गोष्टीवर होता कीं, दोन वर्षांत घराचा भाव वाढेल, वाढलेल्या किंमतीवर नवें कर्ज मिळेल आणि त्यांतून जुनें फेडतां येईल. ह्याचा अर्थ नीट ध्यानांत घेण्यासारखा आहे. अशी इमारत पाडण्यास भाव पडण्याचीही गरज नव्हती; ते वाढावयाचे थांबले तरी पुरे होतें. जून २००४ ते जून २००६ ह्या दोन वर्षांत फेडरल रिझर्व्हनें सतरा वेळां थोडथोडा दर वाढवून तो सव्वापांच टक्क्यांवर नेला, आणि भाव थांबले.

हें कोणासच दिसलें नव्हतें असें नाहीं. वॉशिंग्टनचे अर्थशास्त्रज्ञ डीन बेकर ह्यांनीं २००२ सालींच घरांच्या भावांत फुगवटा आहे असें लिहिलें, आणि २००४ सालीं स्वतःचें घर विकून ते भाड्यानें राहूं लागले. येल विद्यापीठाचे रॉबर्ट शिलर ह्यांनीं शंभराहून अधिक वर्षांचे आंकडे जुळवून दाखविलें कीं, महागाई वजा केली तर १८९० नंतरच्या शंभर वर्षांत अमेरिकन घर फारसें महाग झालेंच नव्हतें, आणि १९९७ नंतरची चढण ही अपूर्व होती. २००५ च्या ऑगस्टांत रघुराम राजन ह्यांनीं, जे पुढें आपल्या रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले, अमेरिकेंतील जॅक्सन होल येथें मध्यवर्ती बँकांच्या मेळाव्यापुढें सांगितलें कीं, नव्या वित्तव्यवहारानें धोका कमी न होतां वाढला आहे. त्यांच्या निबंधाचें स्वागत थंडपणें, किंबहुना उपहासानेंच झालें.

पुढें जें घडलें तें सर्वश्रुत आहे. ७ सप्टेंबर २००८ रोजीं फॅनी मे व तिची जोडसंस्था फ्रेडी मॅक सरकारनें ताब्यांत घेतल्या, १५ सप्टेंबरला लीमन ब्रदर्स ही पेढी बुडाली, आणि ऑक्टोबर २००९ मध्यें बेकारी १० टक्क्यांवर गेली. २००६ च्या शिखरावरून २०१२ च्या आरंभापर्यंत घरांचे भाव देशभरच्या सरासरीनें चौथाईहून अधिक उतरले. लास व्हेगासमध्यें ते साठ टक्क्यांहून अधिक पडले. गहाण घरांपैकीं सुमारें चौथा हिस्सा घरें अशीं झालीं कीं, त्यांची किंमत त्यांच्यावरील कर्जाहून कमी भरे. ज्या राज्यांत सावकाराला घरापलीकडे ऋणकोच्या इतर मिळकतीला हात लावतां येत नाहीं, तेथें कित्येकांनीं घराच्या किल्ल्या टपालानें बँकेकडे पाठवून दिल्या. ह्या वादळाचा फटका इकडेही बसला: मुंबई शेअरबाजाराचा सेन्सेक्स जानेवारी २००८ मध्यें २१,००० च्या आसपास होता, तो ऑक्टोबरांत ९,००० च्या खालीं आला.

तेव्हां बेकर, शिलर आदि मंडळी जिंकली, हें उघड आहे. पण एका सामान्य कुटुंबाच्या वहींत ह्या विजयाची नोंद कशी होते? ज्यानें २००२ सालची सूचना वाचून त्याच वर्षीं घर विकलें, त्याला चार वर्षें भाड्याच्या घरांतून चढते भाव पाहत बसावें लागलें. आणि सर्व पडझड होऊन २०१२ सालीं भाव जेथें येऊन टेकले, ते सरासरीनें २००२-०३ च्या पातळीच्याच आसपास होते. रोग अचूक ओळखणाऱ्या वैद्याच्या औषधानें रोग्याला गुण आला नाहीं, असाच हा प्रकार. ज्यानें २००५ किंवा २००६ सालीं हलक्या हप्त्याच्या लोभानें घर घेतलें नाहीं, तो मात्र खरोखर वांचला. भावाच्या भाकितापेक्षां कर्जाची पारख त्याच्या उपयोगीं पडली.

ह्या अनुभवानें पोळलेल्या डोळ्यांनींच २०२२ सालाकडे पाहिलें गेलें. महासाथीच्या काळांत व्याज अत्यंत खालीं आलें होतें. जानेवारी २०२१ मध्यें तीस वर्षांच्या कर्जाचा सरासरी दर २.६५ टक्के होता. भाव भराभर वाढले. मग जून २०२२ मध्यें महागाई ९.१ टक्क्यांवर गेली, फेडरल रिझर्व्हनें दर झपाट्यानें चढविले, आणि ऑक्टोबर २०२३ मध्यें गृहकर्जाचा दर ७.७९ टक्के झाला. चार लाख डॉलरांच्या तीस वर्षांच्या कर्जाचा मासिक हप्ता ३ टक्क्यांनीं सुमारें १,६८६ डॉलर येतो. ७ टक्क्यांनीं तोच सुमारें २,६६१ डॉलर होतो. इतका फरक पडल्यावर भाव कोसळणारच, २००८ ची पुनरावृत्ति होणारच, असें चहूंकडून सांगितलें जाऊं लागलें. एका प्रसिद्ध अर्थविषयक वृत्तसंस्थेच्या गणितानें तर ऑक्टोबर २०२२ मध्यें वर्षाच्या आंत मंदी येण्याची शक्यता शंभरांत शंभर ठरविली.

मंदी आली नाहीं. २०२३ सालभर बेकारी ४ टक्क्यांच्या खालींच राहिली, आणि घरांचे भाव २०२२ च्या उत्तरार्धांत किंचित् उतरून पुन्हां नव्या शिखरावर गेले. ह्याचें कारण गहाणखतांतच होतें. आपल्याकडे मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ पर्यंत रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर गेला, तेव्हां पुण्याठाण्यांतील असंख्य कर्जदारांच्या कर्जाच्या मुदती लांबल्या किंवा हप्ते वाढले, कारण येथलीं गृहकर्जें बहुतांशीं बदलत्या दराचीं असतात. अमेरिकन घरमालकावर त्याच घटनेचा कांहींच परिणाम झाला नाहीं. त्याचा दर बांधलेला होता. निम्म्याहून अधिक गहाणकर्जें ४ टक्क्यांहून कमी दराचीं होतीं. शिवाय पांचांतील सुमारें दोन घरमालकांवर कर्जच नव्हतें. अशा माणसाला विकण्याचा नाइलाज नव्हता. उलट विकण्याचीच चोरी झाली, कारण हें घर सोडून तसेंच दुसरें घ्यावयाचें तर ३ टक्क्यांचें कर्ज टाकून ७ टक्क्यांचें पत्करावें लागे. घर त्याचा सोन्याचा पिंजरा झालें. २०२१ सालीं साठ लाखांवर जुन्या घरांची खरेदीविक्री झाली होती. २०२३ आणि २०२४ ह्या दोन्ही वर्षीं ती चाळीस लाखांच्या थोडी वर राहिली, आणि १९९५ नंतर इतकी मंद खरेदीविक्री झालेली नव्हती. बाजार पडला नाहीं, गोठला. जेथें नवीं घरें भरपूर बांधलीं गेलीं होतीं, जसें टेक्ससमधील ऑस्टिन शहर, तेथें मात्र भाव चांगलेच उतरले. पण तें कर्जानें बुडालेल्या शहराचें लक्षण नव्हे. पुरवठा झालेल्या शहराचें आहे.

याचा अर्थ निराशावादी मंडळींस आतां कांहींच सांगण्यासारखें उरलें नाहीं, असा करूं नये. अमेरिकेचें सरकारी कर्ज तेथील वर्षाच्या एकंदर उत्पादनाहून अधिक झालें आहे, आणि २०२४ च्या आर्थिक वर्षांत त्याच्या व्याजाचा खर्च संरक्षणखर्चाच्याही वर गेला. पत ठरविणाऱ्या तीन मोठ्या संस्थांनीं २०११, २०२३ आणि २०२५ सालीं त्या सरकारची सर्वोच्च पत एकेक पायरी खालीं आणली. सरकारचे दीर्घ मुदतीचे व्याजदर चढे राहिले तर गृहकर्जेंही स्वस्त होणें कठीण. फ्लॉरिडांत वादळांमुळें व कॅलिफोर्नियांत वणव्यांमुळें घराचा विमा महाग किंवा दुर्लभ झाला. जानेवारी २०२५ मध्यें लॉस एंजेलिसच्या आगींत वस्त्यांच्या वस्त्या जळाल्या. विमा नाहीं तेथें बँक कर्ज देत नाहीं, आणि कर्ज नाहीं तेथें घराला गिऱ्हाईक नाहीं. बांधलेल्या दराचा आधार ह्या आपत्तीपुढें चालत नाहीं. भाव कोसळण्याची भीति बाळगावयाची तर ती सर्व देशाविषयीं न बाळगतां अशा प्रदेशांविषयीं बाळगणें अधिक सयुक्तिक दिसतें.

खरी हानि मात्र निराळ्याच ठिकाणीं चालू आहे. २००५ सालीं वीस लाखांहून अधिक घरांचें बांधकाम सुरू झालें होतें. २००९ सालीं तो आंकडा साडेपांच लाखांवर आला आणि पुढें कित्येक वर्षें सांवरला नाहीं. त्या वर्षांत जीं घरें बांधलीं गेलीं नाहींत, त्यांचा तुटवडा आज तिशींतील जोडप्यांस भोंवतो आहे. स्वतःच्या घरांत राहणाऱ्या कुटुंबांचें प्रमाण २००४ सालीं ६९ टक्क्यांवर होतें, तें २०१६ सालीं ६३ टक्क्यांच्या आसपास उतरलें व त्यानंतर थोडेंच वर आलें. घरांच्या दलालांच्या राष्ट्रीय संघटनेच्या २०२४ च्या पाहणींत पहिलें घर घेणाऱ्याचें मध्यम वय ३८ वर्षें निघालें. भाव पडतील म्हणून थांबलेलीं आणि भाव परवडत नाहींत म्हणून थांबलेलीं, अशीं दोन्ही प्रकारचीं माणसें ह्यांत आहेत, आणि भाड्याचा हप्ता दोघांनाही चुकत नाहीं.

१९४६ सालीं जन्मलेलीं तीं बालकें २०२६ सालीं ऐंशी वर्षांचीं होत आहेत. त्यांच्या मागें राहणारीं घरें एकदम बाजारांत येतील आणि भाव बुडतील, असें १९८९ चेंच भाकीत आतां नव्या वेषांत मांडलें जात आहे. परंतु वृद्ध माणसें घर सोडतात तीं एका वर्षीं नव्हे, वीस-पंचवीस वर्षांच्या अवधींत. त्यांतील बऱ्याच घरांचे वारस त्यांच्याच घरांत राहावयास जातात. आणि पुष्कळशीं घरें ओहायो, पेनसिल्व्हेनिया यांसारख्या राज्यांतील अशा गांवीं आहेत कीं, जेथून नोकऱ्या केव्हांच निघून गेल्या. क्लीव्हलंडचें रिकामें घर सॅन होझेंतल्या भाडेकऱ्याच्या कामीं येत नाहीं.